गणपतीच्या गोळ्या, ॲसिडिटीची कॅप्सूल आणि पंचेचाळीस दिवसांची पाळी

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या गावातली ही मुलगी ऑक्टोबर २०२४मध्ये माझ्याकडे आली, तेव्हा निदान फाईलवर आधीच लिहिलेलं होतं. पीसीओडी (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार), प्राथमिक वंध्यत्व (म्हणजे एकदाही दिवस न राहणं). वय २९, लग्नाला तीन वर्षं, मुलासाठी प्रयत्न दोन वर्षं. वजन ५४ किलो, उंची १५६ सेंटीमीटर. नवरा ३३चा, मुंबईत खासगी नोकरीला. ती गावी सासू-सासऱ्यांकडे. घरची थोडी कलमं बघायची आणि गावातल्या पतसंस्थेत अर्धा दिवस काम करायची. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, दुखण्याचा आणि उपचाराचा क्रम तोच ठेवला आहे.

तिची तक्रार एका वाक्याची होती. "मॅडम, पाळीचा काही नेमच नाही, मग दिवस राहणार कसे?"

प्रश्न बरोबर होता, पण त्याचं उत्तर शोधण्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा होता, तो दोन वर्षांत कुणी विचारलेला दिसला नाही: गेल्या दोन वर्षांत जे रक्त गेलं, त्यातली खरी पाळी किती वेळा आणि गोळ्यांनी आणलेली किती वेळा?

कॅलेंडरवरच्या खुणा

तिच्याकडे देवघराशेजारी टांगायचं साधं कॅलेंडर होतं, दोन वर्षांची पानं जपून ठेवलेली. पाळी आली की लाल पेनाने गोल. त्या गोलांमधलं अंतर ४२ दिवस, ५० दिवस, मध्येच २४, मग ४७. नुसतं बघितलं तर खरंच काही नेम नाही. पण एकेक गोल घेऊन बसलो तेव्हा त्यातले बरेच गोल गळाले. २४ दिवसांनी आलेली पाळी ही "पाळी आणायच्या" गोळ्यांची होती. पाळी येत नाही म्हणून कुणीतरी पाच दिवसांचा प्रोजेस्टेरॉनचा (अस्तर धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा) कोर्स दिला, तो संपल्यावर आठवड्याच्या आत रक्त गेलं. अशा पाच-सहा खुणा होत्या. आणखी दोन खुणा दोन्ही वर्षांच्या गणपतीनंतरच्या, त्यांच्याकडे पुढे येते.

हे वेगळं करणं का महत्त्वाचं? पाळी म्हणजे अंडं फुटून गेल्यावर, गर्भ न राहिल्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी गर्भाशयाचं अस्तर गळून पडणं. गोळी घेऊन ती बंद केली की अस्तर तसंच गळतं, पण त्या महिन्यात अंडं फुटलं होतं का, हे ते रक्त काही सांगत नाही. बाईला वाटतं "पाळी आली, म्हणजे गाडी रुळावर आली." मूल हवं असणाऱ्या बाईच्या बाबतीत नुसतं रक्त आणणं हा उपचार नव्हे. (अनेक महिने पाळीच येत नसेल तर अस्तर जाड होत राहू नये म्हणून त्या गोळ्या द्याव्या लागतात, तो वेगळा विषय.)

गोळ्यांच्या खुणा काढून टाकल्यावर जे उरलं ते बरंच सरळ होतं. लग्नाआधी तिची पाळी ३२ ते ३५ दिवसांनी यायची, म्हणजे थोडी लांब पण ठीक. प्रौढ बाईत २४ ते ३८ दिवसांचं चक्र नेहमीचं धरतात. २०२३च्या मध्यापासून ती ४२ ते ५० दिवसांवर गेली होती. वजन वाढलेलं नाही, केस गळत नाहीत, हनुवटीवर केस नाहीत, मुरमं नाहीत. म्हणजे २०२३च्या मध्याला काहीतरी बदललं होतं. काय ते तिला आठवत नव्हतं.

पीसीओडीचा शिक्का

शिक्का आला होता सोनोग्राफीच्या एका ओळीवरून: दोन्ही अंडाशयांत बारीक फोलिकल्स (अंड्यांच्या पिशव्या) भरपूर. एवढ्यावर पीसीओडी म्हणायचं नसतं. २००३मध्ये रॉटरडॅम इथे ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अंडं फुटण्यात अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. तिच्याकडे पहिली आणि तिसरी होती, म्हणजे आकड्याने निकष भरत होते. पण त्याच निकषांत एक अट आहे जी आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते: थायरॉइड, प्रोलॅक्टिन (छातीत दूध आणणारं संप्रेरक) अशी इतर कारणं आधी बाजूला काढायची, मग हे नाव द्यायचं. तिची थायरॉइड तपासणी एकदा झाली होती, नॉर्मल. प्रोलॅक्टिन कधीच नाही.

शिक्क्याबरोबर सल्लाही मिळाला होता: वजन कमी करा. ५४ किलोच्या बाईला! बॉडी मास इंडेक्स २२च्या आसपास, म्हणजे आपल्या लोकांसाठी धरलेल्या २३च्या मर्यादेच्याही आत. तिने इमाने इतबारे सहा महिने भात सोडला. कोकणात भात सोडून राहायचं म्हणजे माशाच्या कढीबरोबर काय खायचं हा खरा प्रश्न. ती नाचणीच्या अर्ध्या भाकरीवर राहिली, दोन किलो उतरली आणि पाळी आणखी चार दिवस लांबली. जाड बाईचं वजन पाच-दहा टक्के उतरलं तर पाळी सुधारते, हे खरं आहे. तोच सल्ला सडपातळ बाईला दिला तर तिची उपासमार होते, आणि उपाशी शरीर अंडं फोडायची घाई करत नाही.

पिशवीतली कापलेली पट्टी

दर नव्या पेशंटला मी सांगते, घरात घेत असाल ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा, डोकेदुखीची गोळीसुद्धा. बहुतेक जण प्रिस्क्रिप्शन आणतात, औषधं नाही. हिने आणली. लोहाच्या गोळ्या, शतावरीचा डबा, अशोकारिष्टाची अर्धी बाटली, आणि एक कॅप्सूलची पट्टी, कात्रीने आडवी कापलेली, चारच कॅप्सूल शिल्लक. मेडिकलवाला सुट्या कॅप्सूल देताना पट्टी कापतो आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला जातं. मागच्या बाजूला चंदेरी कागदावर अर्धवट अक्षरं उरली होती. ती भिंगातून वाचली तर शेवटचे चार-पाच शब्दखंड लेव्होसल्पिराइडचे.

"ही कशाची?"

"ती काही नाही मॅडम, ॲसिडिटीची. रोज सकाळी उपाशी पोटी. घेतली नाही तर छातीत जळजळतं."

"कधीपासून?"

ती हिशेब करू लागली. जावेच्या डोहाळजेवणाच्या आधी एकदा खूप जळजळलं, तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर दिली होती. बरं वाटलं म्हणून पुढे मेडिकलमधून तीच आणत राहिली. जावेचं डोहाळजेवण कधी? २०२३चा मे.

मग मी जो प्रश्न विचारला तो तिला अपेक्षित नव्हता. छाती दाबली तर दुधासारखं काही येतं का? ती सासूकडे बघून गप्प झाली. सासूबाईंना मी बाहेर चहा प्यायला पाठवलं, मग म्हणाली, हो, वर्षभर आतल्या कपड्याला डाग पडतो, पण असं कुणाला सांगायचं? नवऱ्यालाही बोललेली नव्हती.

ही साखळी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण असल्या कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी आहेत. आम्ल कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोल एकटं असेल तर पाळीशी त्याचं भांडण नाही. पण बाजारात बऱ्याचदा त्याच कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं, पोटातलं अन्न लवकर पुढे ढकललं जावं म्हणून. ही दोन्ही औषधं डोपामिनचं काम अडवतात. आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या पियूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन किती सुटावं यावर डोपामिनचाच ब्रेक असतो. ब्रेक सुटला की प्रोलॅक्टिन चढतं, छातीला दूध येऊ लागतं, आणि चढलेलं प्रोलॅक्टिन अंडाशयाला जाणारे आदेश मंदावतं. अंडं उशिरा फुटतं किंवा फुटतच नाही. बाळंतिणीला अंगावर पाजताना पाळी येत नाही त्यामागे हेच प्रोलॅक्टिन असतं. फरक इतकाच की हिच्या घरात बाळ नव्हतं.

तपासणी सांगितली. गर्भधारणेची चाचणी सर्वांत आधी. पाळी चुकलेल्या कुठल्याही बाईला हीच पहिली तपासणी, मग ती कितीही "नाही हो मॅडम" म्हणो. ती निगेटिव्ह. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, पुन्हा केली, २.४. प्रोलॅक्टिन ६४, प्रयोगशाळेची वरची मर्यादा साधारण २५च्या आसपास असते. एवढ्यावर डोक्याचा एमआरआय करायला पळायचं नसतं. असं औषध सुरू असेल तर शक्य तिथे ते बंद करून निदान तीन दिवसांनी परत मोजायचं; तरी चढलेलंच राहिलं, किंवा डोकेदुखी, दिसण्यात फरक असेल, तर मग ग्रंथीत गाठ आहे का ते बघायचं. आम्ही कॅप्सूल बंद केली, जळजळीसाठी साधं आम्लनाशक आणि रात्रीचं जेवण लवकर, एवढंच ठेवलं. नोव्हेंबरच्या शेवटी प्रोलॅक्टिन १७. डाग पडायचा बंद झाला.

इथे एक सूचना हवी. मानसिक आजारावरची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. ती कुणी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नयेत; ती देणाऱ्या डॉक्टरांनीच बदलायची असतात.

गणपतीच्या गोळ्या

आता कॅलेंडरवरच्या त्या दोन खुणा. २०२४ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. हिची आधीची पाळी ६ ऑगस्टची. फोनवरच्या ॲपने २८ दिवस धरून पुढची तारीख दाखवली ३ सप्टेंबर, म्हणजे ऐन गणपतीत अडचण. घरात सासू गुडघ्यांनी आखडलेल्या, जाऊ मुंबईची, पाहुणे वीस. सासूबाईंनी मला अगदी सरळ विचारलं, "गणपतीत अडचण इली तर कसा होतला?" त्यांच्या बाजूने बघितलं तर प्रश्न रास्त होता. कोकणात गणपती म्हणजे घर, आणि घर बाईवर उभं असतं. म्हणून दरवर्षीप्रमाणे मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या: नोरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन. ३१ ऑगस्टला सुरू, १३ सप्टेंबरला बंद, १६ला रक्त.

यात नवीन काही नाही. श्रावणाच्या शेवटी आमच्या भागातल्या मेडिकलवाल्यांना या गोळ्या जास्त मागवून ठेवाव्या लागतात. ज्या बाईला मूल नको आहे, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा यकृताचा त्रास नाही, तिने वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून घेतल्या तर मी आडकाठी करत नाही. घरात कुणी बाजूला बसावं की नाही यावर माझं मत निराळं आहे, पण ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहायची जागा नव्हे.

मूल हवं असणाऱ्या या बाईच्या बाबतीत मात्र काय झालं बघा. गोळी "तारखेच्या तीन दिवस आधी" सुरू करायची, हा नियम त्या बाईसाठी आहे जिचं अंडं तोवर फुटून गेलेलं असतं. पाळीनंतर अंडं फुटेपर्यंतचे दिवस बाईगणिक आणि महिन्यागणिक बदलतात. अंडं फुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात, साधारण १२ ते १४. म्हणजे ४२ ते ५० दिवसांच्या चक्रात अंडं फुटणार ते २८व्या ते ३६व्या दिवसाच्या आसपास. हिच्या हिशेबात तो काळ २ ते १० सप्टेंबर असा येतो. गोळ्या तिने २६व्या दिवशी सुरू केल्या. तारीख ॲपची, शरीर तिचं, आणि दोघांचा मेळ नाही. नोरएथिस्टेरॉन त्या मात्रेत अंडं फुटायला लावणारा संप्रेरकाचा उसळा दाबू शकतं, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव दाट करतं, ज्यातून शुक्रजंतूंना वाट मिळत नाही.

आणि नवरा कधी घरी होता? ५ ते १५ सप्टेंबर. वर्षातली त्याची सगळ्यात लांब रजा.

मी कागदावर तीन आडव्या रेघा मारल्या. एक अंडं फुटण्याची शक्यता, एक नवऱ्याची रजा, एक गोळ्या. तिन्ही एकावर एक आल्या. त्याच्या मागच्या वर्षीचा गणपतीही असाच निघाला. सासूबाईंनी तो कागद हातात घेतला, चष्मा वर-खाली करून पाहिला, आणि म्हणाल्या, "मगे नको त्यो गोळ्यो." त्यांनी आंगणेवाडीच्या भराडीदेवीला नवस बोललेला होता, नवस आणि कागद यांच्यात त्यांना काही विरोध दिसला नाही, आणि मलाही दिसला नाही.

दोन वर्षं म्हणजे किती संधी?

वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस न राहिल्यास त्याला वंध्यत्व म्हणतात. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने. ही व्याख्या एकत्र राहणाऱ्या जोडप्याची आहे. चाकरमान्याच्या घरात ती जशीच्या तशी लावता येत नाही. हिचा नवरा महिना-दीड महिन्याने शुक्रवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघून शनिवारी सकाळी कणकवलीला उतरायचा, रविवारी संध्याकाळी परत. शिवाय गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस.

शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, फुटलेलं अंडं जेमतेम एक दिवस. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस चक्रात सहाच: अंडं फुटण्याच्या आधीचे पाच आणि तो दिवस. पंचेचाळीस दिवसांच्या चक्रात वर्षाला असे आठच मोके येतात, अठ्ठावीस दिवसांच्या बाईला तेरा मिळतात. त्यात नवरा ॲपवर बघून चौदाव्या दिवसाची गाडी पकडायचा, जेव्हा हिच्या अंडाशयात अजून काही हालचालच नसायची. आठातून गणपतीचा गेला. उरलेल्यांपैकी किती वेळा तो घरी होता, हे दोघांनी बसून मोजलं आणि दोन वर्षांत धडाच्या तीन संधी निघाल्या. सगळं ठाकठीक असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता २० ते २५ टक्के असते. तीन संधींवर कुणाला "वंध्य" ठरवणं हे मला पटत नाही.

याचा अर्थ थांबून राहावं असा नाही. पाळी इतकी लांबत असेल तर वर्ष पुरं व्हायची वाट न बघता तपासणी सुरू करायची असते. आणि ती दोघांची. नवऱ्याची वीर्यतपासणी दोन वर्षांत झालेली नव्हती. बाईचं रक्त चार वेळा काढलं, सोनोग्राफी तीन वेळा, आणि पुरुषाची एक साधी, स्वस्त तपासणी नाही; हे चित्र मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्याच भेटीत चिठ्ठी लिहून देते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता मुंबईतच नमुना द्यायचा. आधी "माझं काय तपासायचं" असं फोनवर म्हणाला. बायकोने काय सांगितलं माहीत नाही, पण पंधरा दिवसांत रिपोर्ट आला. मिलिलिटरला ४१ दशलक्ष, हालचाल ४८ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा १६ दशलक्ष आणि ४२ टक्के. ठीक.

एकविसाव्या दिवसाची चूक

फाईलमध्ये आणखी एक कागद होता: एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन ०.६, शेजारी लाल शाईत "अंडं फुटत नाही". अंडं फुटल्यावर साधारण आठवड्याने प्रोजेस्टेरॉन सर्वांत वर असतं. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो, म्हणून ते नाव पडलं. पंचेचाळीस दिवसांच्या बाईचं रक्त एकविसाव्या दिवशी काढलं तर ते कमीच येणार. अंडं फुटायला तिथून दहा दिवस बाकी. तपासणी करायची ती पुढच्या पाळीच्या अंदाजे सात दिवस आधी.

कॅप्सूल बंद झाल्यावर पाळ्या आल्या त्या अशा: २ नोव्हेंबर, १२ डिसेंबर, १७ जानेवारी, २३ फेब्रुवारी. मधली अंतरं ४०, ३६, ३७. गोळी एकही नाही. जानेवारीच्या चक्रात १५ फेब्रुवारीला प्रोजेस्टेरॉन मोजलं, ११.४. तीनच्या वर असेल तर अंडं फुटलं असं धरतात. म्हणजे बाईचं अंडं फुटत होतं, फक्त तेविसाव्या दिवसाच्या आसपास.

तिने मध्यंतरी लघवीवर अंडं फुटण्याचा दिवस सांगणारी किट ऑनलाइन मागवली होती. सलग सहा दिवस दोन रेघा आल्या आणि ती आनंदली. बारीक फोलिकल्स जास्त असलेल्या काही बायकांत एलएच हे अंडं फुटायला लावणारं, किट जे मोजते ते संप्रेरक मुळातच चढं असतं, त्यामुळे किट उगाच होकार देत राहते. त्यापेक्षा तिला मी जुनी, फुकटची खूण सांगितली: अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा झाला की ते दिवस तुमचे. तिला ती खूण पहिल्याच चक्रात कळली. "हे तर मला दर वेळी होतं, मी इन्फेक्शन समजून औषध घालायची."

लेट्रोझोल द्यायचं की नाही

प्रोलॅक्टिन उतरूनही पाळी ३६-४०वर राहिली, याचा अर्थ पीसीओडीची छटा तिच्यात होतीच, ती कॅप्सूलमुळे ठळक झाली होती. अंडं लवकर आणि ठरलेल्या वेळी फुटावं म्हणून औषध द्यायला कारण होतं. पीसीओएसमध्ये (पीसीओडीचंच दुसरं नाव) आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जिवंत बाळंतपणाचं प्रमाण लेट्रोझोलवर २७.५ टक्के आणि जुन्या क्लोमिफिनवर १९.१ टक्के निघालं.

नवऱ्याने रात्रीत गुगल करून सकाळी फोन केला. "मॅडम, ही कॅन्सरची गोळी आहे, आणि भारतात बंदी होती म्हणतात." दोन्ही खरं. ती मूळची पाळी गेलेल्या बायकांच्या स्तनाच्या कर्करोगावरची गोळी आहे, आणि २०११मध्ये आपल्याकडे वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आलीही होती. २०१७मध्ये ती उठली. बाळात व्यंग येतं ही भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. गोळी पाचच दिवस, चक्राच्या सुरुवातीला घेतात आणि अंडं फुटेपर्यंत ती शरीरातून बहुतांशी निघून जाते. हे त्याला समजावून सांगायला मी वीस मिनिटं दिली, कारण न समजता घेतलेली गोळी लोक मधेच सोडतात.

ठरलं असं: फेब्रुवारीचं चक्र तसंच जाऊ द्यायचं, कारण त्यात शिमगा होता आणि नवरा घरी असणार होता. नाही राहिलं तर पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम. तिने चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली. फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम ऑक्टोबरपासूनच सुरू होतं, हिमोग्लोबिन १०.८ होतं ते लोहाने ११.९ झालं.

नवऱ्याने दरवर्षीप्रमाणे होळीच्या आदल्या रात्रीची गाडी धरली, १२ मार्च, पण परतीचं तिकीट २०चं काढलं. ११ मार्चला, म्हणजे सतराव्या दिवशी, सोनोग्राफीत एक फोलिकल १३ मिलिमीटरचं दिसलं. रोज दीड-दोन मिलिमीटर वाढतं आणि वीसच्या आसपास फुटतं. १५ मार्चला १९. त्यांना एवढंच सांगितलं, एक दिवसाआड पुरे. रोज घड्याळ लावून बसू नका. गावात पालखी घरोघरी फिरत होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि वरच्या माळ्यावरची खोली सासूबाईंनी आपणहून रिकामी करून दिली होती. यावर अधिक विचारायची मला गरज पडली नाही.

पाळी आली नाही, त्यानंतर

पाळी ३१ मार्चच्या आसपास यायला हवी होती. आली नाही. शेजारणीने सांगितलं, "लांबली असेल नेहमीसारखी, आणायच्या गोळ्या घे." तिने आधी चाचणीची पट्टी आणली. ३ एप्रिलला दोन रेघा.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण लांब चक्राच्या बाईची एक फजिती अजून शिल्लक असते. ९ एप्रिलला घाबरून, मला न विचारता, तिने एका सेंटरवर सोनोग्राफी करून घेतली. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहा आठवडे तीन दिवस. पडद्यावर पिशवी दिसली, आत योक सॅकचं (गर्भाला सुरुवातीला पोसणाऱ्या पिशवीचं) बारीक कडं, ठोके नाहीत. तिथे कुणीतरी म्हणालं, "वाढ मागे आहे, बहुतेक टिकणार नाही." रात्री साडेदहाला तिचा रडत फोन.

वाढ मागे नव्हती. गर्भाचं वय पाळीपासून मोजताना चौदाव्या दिवशी अंडं फुटलं असं गृहीत धरलेलं असतं. हिचं फुटलं १७ मार्चच्या आसपास, तेविसाव्या दिवशी. त्या हिशेबाने ९ एप्रिलला गर्भ पाच आठवडे दोन दिवसांचा होता, आणि त्या वयात ठोके दिसत नाहीतच. दुखत नव्हतं, रक्त जात नव्हतं, तेव्हा काहीही न करता दहा-बारा दिवस थांबायचं, कुठलीही गोळी घ्यायची नाही, पोट साफ करायचा तर विषयच नको, असं सांगितलं. ते दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत.

२१ एप्रिलला गर्भाची लांबी १० मिलिमीटर, म्हणजे सात आठवडे, आणि ठोके व्यवस्थित. पाळीच्या तारखेने आठ आठवडे एक दिवस होत होते. नवव्या आठवड्याच्या आत पाच दिवसांहून जास्त तफावत असेल तर सोनोग्राफीची तारीख धरायची. त्यामुळे प्रसूतीची अपेक्षित तारीख ३० नोव्हेंबरऐवजी ८ डिसेंबर झाली. आठ दिवस किरकोळ वाटतात. शेवटच्या महिन्यात "दिवस उलटले" म्हणून कळा आणायचं ठरतं, तेव्हा हेच आठ दिवस हिशेबात येतात.

आशाताईंनी आरोग्य केंद्रात नाव घातलं तेव्हा कार्डावर रिवाजाप्रमाणे पाळीची तारीख आणि त्यावरून ३० नोव्हेंबर लिहिलं गेलं. मी तिला त्याखाली सोनोग्राफीची तारीख लिहून, सही करून दिली आणि सोनोग्राफीचा तो पहिला कागद कार्डालाच टाचून ठेवायला सांगितला. पीसीओएसची छटा असल्यामुळे साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत करायला सांगितली, आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. जळजळ गरोदरपणात परत सुरू होणारच होती; त्यासाठी काय घ्यायचं ते नाव मी मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आणि मेडिकलमध्ये पट्टी कापून घ्यायची नाही, पूर्ण घ्यायची, हेही.